एलडीएल कोलेस्टेरॉल : जीवरसायन, हृदयविकार आणि आपले कुटुंब

चाळिशी ओलांडलेल्या माणसाच्या घरात आज एक कागद हमखास सापडतो. वर प्रयोगशाळेचे नाव असते आणि खाली पाच-सहा ओळी असतात : एकूण कोलेस्टेरॉल, ट्रायग्लिसराइड, एचडीएल, व्हीएलडीएल, एलडीएल. एखादा आकडा ठळक छापलेला असला की घरात काळजी पसरते. तो ठळक नसला की कागद कपाटात जातो. या दोन्ही प्रतिक्रिया अपुऱ्या माहितीतून येतात. एलडीएल म्हणजे नेमके काय, ते शरीरात का असते, ते अपाय कसा करते आणि त्याविषयी आपण काय करू शकतो, याचा उलगडा करण्याचा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

हा विषय स्मरणिकेसाठी निवडण्यामागे एक कारण आहे. निवासी शाळांतून शिकून बाहेर पडलेल्या आपल्या अनेक माजी विद्यार्थ्यांचे आई-वडील शेतमजुरी, ऊसतोड, वीटभट्टी अशी अंगमेहनतीची कामे करीत आले. त्यांची मुले आज शिक्षक, बँक कर्मचारी, अभियंते, परिचारिका, अधिकारी झाली आहेत. एका पिढीत शरीराचे कष्ट कमी झाले, आहारात तेल, साखर आणि तळलेले पदार्थ वाढले. शरीराची घडण मात्र तीच राहिली. ज्या घरात एकच माणूस पहिल्यांदा पगार आणू लागला आहे, त्या घरात त्याला पंचेचाळिसाव्या वर्षी हृदयविकाराचा झटका आला, तर केवळ एक व्यक्ती आजारी पडत नाही. धाकट्या भावंडांचे शिक्षण, घराचे कर्ज, वृद्ध आई-वडिलांचा आधार, हे सारेच डळमळते.

कोलेस्टेरॉल हा शत्रू नव्हे

अठराव्या शतकात फ्रान्समध्ये पित्ताशयातील खड्यांतून एक पांढरा, मेणासारखा पदार्थ वेगळा करण्यात आला. १८१५ च्या सुमारास शेव्रल या फ्रेंच रसायनशास्त्रज्ञाने त्याला नाव दिले. ग्रीक भाषेत ‘खोले’ म्हणजे पित्त आणि ‘स्टेरिऑस’ म्हणजे घन. त्यावरून कोलेस्टेरॉल हा शब्द रूढ झाला. त्याच्या एका रेणूत कार्बनचे २७, हायड्रोजनचे ४६ आणि ऑक्सिजनचा एक अणू असतो.

आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीच्या पटलात कोलेस्टेरॉल असते. पटल फार पातळ होऊ नये आणि फार ताठरही होऊ नये, हा तोल ते सांभाळते. स्त्री-पुरुषत्वाची संप्रेरके, कॉर्टिसॉल आणि अन्नपचनास लागणारी पित्ताम्ले ही सारी कोलेस्टेरॉलपासूनच तयार होतात. ‘ड’ जीवनसत्त्व तयार होते ते कोलेस्टेरॉलच्या अगदी जवळच्या नातेवाईक रेणूपासून. म्हणूनच शरीर त्यासाठी केवळ आहारावर विसंबून राहत नाही. आपल्याला लागणाऱ्या कोलेस्टेरॉलचा बहुतांश भाग शरीर, मुख्यत्वे यकृत, स्वतःच बनवते. शुद्ध शाकाहारी माणसाच्या रक्तातही कोलेस्टेरॉल वाढलेले आढळते, त्याचे कारण हेच.

ही निर्मिती सुमारे तीस रासायनिक टप्प्यांत होते. या साखळीतील एका टप्प्यावर ‘एचएमजी-कोए रिडक्टेज’ नावाचे विकर काम करते. निर्मितीचा वेग या विकरावर ठरतो. नळाच्या चावीसारखे त्याचे स्थान आहे आणि पुढे औषधांचा विचार करताना ते पुन्हा येईल. कोलेस्टेरॉलच्या या जीवरासायनिक वाटेचा शोध लावल्याबद्दल कॉनराड ब्लॉख आणि फिओडोर लिनेन यांना १९६४ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

रक्तातील वाहने

मेद पाण्यात विरघळत नाही. वरणावर टाकलेली फोडणी वर तरंगते, तसेच रक्तातही व्हायचे. ही अडचण शरीराने एका युक्तीने सोडवली आहे. यकृत मेदाभोवती प्रथिने व फॉस्फोलिपिड यांचे आवरण घालून सूक्ष्म गोळ्या तयार करते. बाहेरची बाजू पाण्याशी जुळवून घेणारी आणि आत मेद, अशी त्यांची रचना असते. या गोळ्यांना लिपोप्रोटीन म्हणतात. अहवालातील आद्याक्षरे ही या वाहनांची नावे आहेत.

यकृतातून प्रथम बाहेर पडते ते अतिअल्प घनतेचे लिपोप्रोटीन, म्हणजे व्हीएलडीएल. त्यात ट्रायग्लिसराइड ठासून भरलेले असते. स्नायू आणि चरबीच्या ऊतींमधील केशवाहिन्यांतून जाताना एक विकर त्यातील ट्रायग्लिसराइड काढून घेते. माल उतरत गेला की वाहन लहान आणि अधिक घन होते. शेवटी उरते ते अल्प घनतेचे लिपोप्रोटीन : एलडीएल.

एलडीएलचा एक कण सुमारे २० ते २५ नॅनोमीटर व्यासाचा असतो. एक मिलिमीटर अंतरात असे चाळीस हजारांहून अधिक कण ओळीने मावतील. कणाच्या वजनाचा जवळजवळ अर्धा भाग कोलेस्टेरॉलचा असतो. कणाभोवती ‘अपोबी-१००’ या प्रथिनाचा ४,५३६ अमिनो आम्लांचा एकच लांब रेणू गुंडाळलेला असतो. प्रत्येक कणात तो नेमका एकच असल्यामुळे अपोबी मोजले की असे कण किती आहेत, याचा अंदाज येतो. एचडीएल हे अधिक घनतेचे लिपोप्रोटीन असून ते ऊतींमधील जास्तीचे कोलेस्टेरॉल यकृताकडे परत नेण्याच्या कामी येते. ‘वाईट’ आणि ‘चांगले’ ही विशेषणे यावरूनच आली. प्रत्यक्षात दोन्हींतील कोलेस्टेरॉल एकच आहे. फरक वाहनात आहे.

पेशीचे दार

रक्तातील एलडीएल कमी कसे होते, याचे उत्तर दोन आजारी बालकांमुळे मिळाले. १९६८ मध्ये अमेरिकेत मायकेल ब्राउन आणि जोसेफ गोल्डस्टीन या तरुण डॉक्टरांनी सहा वर्षांची एक मुलगी आणि तिचा आठ वर्षांचा भाऊ पाहिला. इतक्या कोवळ्या वयात त्यांना हृदयविकार जडला होता आणि दोघांचेही कोलेस्टेरॉल प्रचंड वाढलेले होते. पुढे डॅलस येथे संशोधन करताना या दोघांनी १९७३-७४ मध्ये दाखवून दिले की, पेशींच्या पृष्ठभागावर एलडीएल पकडणारे एक प्रथिन असते. त्यास एलडीएल ग्राही म्हणतात. अशा विकाराच्या बालकांत हे ग्राही नसतात किंवा निकामी असतात. या शोधाला १९८५ चे नोबेल पारितोषिक मिळाले.

ग्राही अपोबीला ओळखतो, कणाला धरतो आणि त्याच्यासह पेशीच्या आत ओढला जातो. आत कण सुटतो व त्याचे विघटन होते. ग्राही पुन्हा पृष्ठभागावर येऊन पुढच्या कणाची वाट पाहतो. पेशीला पुरेसे कोलेस्टेरॉल मिळाले की ती दोन गोष्टी करते : स्वतःची निर्मिती मंदावते आणि नवे ग्राही बनवणे कमी करते. संतृप्त मेद भरपूर असलेल्या आहाराने यकृतातील ग्राहींचे काम मंदावते; परिणामी एलडीएल रक्तातच फिरत राहते. २००३ मध्ये ‘पीसीएसके-९’ या प्रथिनाचा या विकाराशी असलेला संबंध उघड झाला. ते ग्राहीला चिकटून त्याला परत पृष्ठभागावर येऊ देत नाही. थोडक्यात, एलडीएल किती बनते याइतकेच महत्त्व ते उचलणारी दारे किती उघडी आहेत याला आहे.

रोहिणीच्या भिंतीत

फिरत राहिलेले एलडीएल रोहिण्यांच्या आतील अस्तरातून भिंतीत शिरते. तंबाखूचा धूर, उच्च रक्तदाब आणि मधुमेह यांनी अस्तर दुखावलेले असले, तर हे अधिक सहज घडते. भिंतीत अडकलेल्या कणांवर ऑक्सिडीकरणाची क्रिया होते. शरीर त्यांना परके समजते. संरक्षक पांढऱ्या पेशी तेथे धावतात, हे कण गिळतात आणि मेदाने फुगून फेसासारख्या दिसू लागतात. त्यांचा थर साचतो, त्यावर तंतूंचे झाकण तयार होते. या साचलेल्या पुटाला वैद्यकात प्लाक म्हणतात.

हृदयविकाराचा झटका म्हणजे नळीत कचरा साचून ती हळूहळू बंद होणे, अशी सर्वसाधारण समजूत आहे. पुष्कळदा घडते ते वेगळेच. पुटाचे पातळ झाकण अचानक फाटते, त्यावर काही मिनिटांत रक्ताची गुठळी होते आणि हृदयाच्या स्नायूचा रक्तपुरवठा तुटतो. मेंदूकडे जाणाऱ्या रोहिणीत हेच घडले तर लकवा होतो. आदल्या दिवशीपर्यंत धडधाकट असलेला माणूस एकाएकी कोसळतो, त्यामागे अनेकदा ही घटना असते.

ही प्रक्रिया म्हातारपणी सुरू होत नाही. कोरियन युद्धात मृत्यू पावलेल्या ३०० अमेरिकन सैनिकांची शवविच्छेदने १९५३ मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांचे सरासरी वय अवघे २२ होते, तरी सुमारे ७७ टक्के जणांच्या हृद्‌रोहिण्यांत या विकाराच्या खुणा आढळल्या. वाढलेले एलडीएल किती वर्षे रक्तात राहिले, हा हिशेब त्यामुळेच आजच्या आकड्याइतकाच महत्त्वाचा ठरतो.

आपल्या लोकांचे चित्र

५२ देशांत झालेल्या ‘इंटरहार्ट’ या अभ्यासाचे निष्कर्ष २००४ मध्ये प्रसिद्ध झाले. हृदयविकाराचा सुमारे ९० टक्के धोका नऊ घटकांनी स्पष्ट होतो आणि त्यांत रक्तातील अपायकारक लिपोप्रोटीनचे वाढलेले प्रमाण व धूम्रपान हे सर्वांत प्रबळ आहेत, असे त्यातून दिसले. त्याच अभ्यासातील दक्षिण आशियाई लोकांविषयीचा शोधनिबंध २००७ मध्ये आला. आपल्याकडे पहिला झटका येण्याचे मध्यवर्ती वय ५३ वर्षे, तर इतर देशांत ते सुमारे ५९ वर्षे आढळले. हा सहा वर्षांचा फरक म्हणजे कमावत्या आयुष्यातील सहा वर्षे होत.

भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेच्या ‘इंडियाब’ अभ्यासाच्या पहिल्या टप्प्यात महाराष्ट्र, तामिळनाडू, झारखंड आणि चंडीगड यांचा समावेश होता. २०१४ मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्याच्या निष्कर्षांनुसार तपासलेल्या लोकांपैकी ११.८ टक्क्यांत एलडीएल वाढलेले, २९.५ टक्क्यांत ट्रायग्लिसराइड वाढलेले आणि तब्बल ७२.३ टक्क्यांत एचडीएल कमी होते. किमान एक दोष असलेले लोक ७९ टक्के होते. आपल्याकडे एलडीएलचा आकडा फार मोठा दिसत नाही, परंतु ट्रायग्लिसराइड अधिक असले की एलडीएलचे कण लहान, घन आणि संख्येने जास्त असतात. आकडा मध्यम आणि कण मात्र अनेक, अशी स्थिती होते. ‘माझे एलडीएल जेमतेम वाढले आहे’ असे समाधान मानताना हे ध्यानात ठेवावे. सडपातळ बांधा असला तरी पोट सुटलेले असेल, तर तोही इशारा समजावा.

अहवाल कसा वाचावा

बऱ्याच प्रयोगशाळा एलडीएल प्रत्यक्ष मोजत नाहीत, गणिताने काढतात. १९७२ च्या फ्रीडवाल्ड सूत्रानुसार एकूण कोलेस्टेरॉलमधून एचडीएल आणि ट्रायग्लिसराइडचा पाचवा भाग वजा करतात. समजा, एकूण कोलेस्टेरॉल २१०, एचडीएल ३८ आणि ट्रायग्लिसराइड १८० आहे. १८० चा पाचवा भाग ३६. मग २१० वजा ३८ वजा ३६, म्हणजे एलडीएल १३६ मिलिग्रॅम प्रति डेसिलिटर. ट्रायग्लिसराइड ४०० च्या पुढे असेल तर हे सूत्र लागू पडत नाही. एकूण कोलेस्टेरॉलमधून केवळ एचडीएल वजा केले की ‘नॉन-एचडीएल’ मिळते; येथे ते १७२ आहे. आपल्या लोकांसाठी हा आकडा विशेष उपयोगी, कारण त्यात सर्व अपायकारक कणांतील कोलेस्टेरॉल येते.

किती असावे, याचे उत्तर सर्वांना एकच नाही. कार्डिओलॉजिकल सोसायटी ऑफ इंडियाने जुलै २०२४ मध्ये भारतीयांसाठी मार्गदर्शक तत्त्वे जाहीर केली. त्यांनुसार कमी धोका असलेल्या सर्वसाधारण व्यक्तीचे एलडीएल १०० च्या खाली, मधुमेह किंवा उच्च रक्तदाब यांसारख्या कारणांनी धोका अधिक असलेल्यांचे ७० च्या खाली आणि झटका येऊन गेलेल्यांसारख्या अतिधोक्याच्या रुग्णांचे ५५ च्या खाली असावे. पहिली तपासणी १८ व्या वर्षी करावी, घराण्यात इतिहास असल्यास त्याआधीही करावी, असेही त्यांत सुचविले आहे. सर्वसाधारण तपासणीसाठी उपाशीपोटी जाण्याची सक्ती आता उरलेली नाही. अहवालावर छापलेली ‘सामान्य मर्यादा’ निरोगी माणसासाठी असते. झटका येऊन गेलेल्या रुग्णाचे एलडीएल ९५ असेल, तर कागदावर ते ठळक दिसणार नाही, तरीही ते त्याच्यासाठी जास्तच आहे.

एलडीएल अकस्मात वाढलेले आढळले, तर थायरॉइड, मूत्रपिंड आणि साखर यांचीही तपासणी करावी लागते. थायरॉइडचे कार्य मंदावले तरी एलडीएल वाढते आणि मूळ आजारावर उपचार केल्यास ते उतरते.

घराण्यात चालत येणारा विकार

सुमारे २५० ते ३०० व्यक्तींमागे एकास आई किंवा वडिलांकडून सदोष ग्राहीचे जनुक मिळालेले असते. अशा व्यक्तीचे एलडीएल जन्मापासूनच वाढलेले असते. १९० च्या वर आकडा गेला की या शक्यतेचा विचार करावा. टाचेवरील किंवा बोटांवरील स्नायुबंधात गाठी, तरुण वयात डोळ्याच्या बुबुळाभोवती पांढरट कडा, या त्याच्या खुणा होत. आई-वडील दोघांकडेही असे जनुक असेल, तर प्रत्येक अपत्यात विकाराचे तीव्र रूप उतरण्याची शक्यता चारांत एक असते. त्यात हृदयविकार बालपणीच सुरू होऊ शकतो.

मराठवाड्यात मामाच्या मुलीशी किंवा आत्याच्या मुलाशी विवाह करण्याची रीत अनेक समाजांत आहे. रक्ताच्या नात्यातील दोघांकडे एकच सदोष जनुक असण्याचा संभव अधिक असतो. कोणाला दोष देण्यासाठी हे लिहिलेले नाही. ज्या घरात पन्नाशीच्या आत कोणी हृदयविकाराने गेले असेल, तेथे भावंडे, मुले आणि चुलत-मामे भावंडे यांची तपासणी करून घ्यावी आणि सोयरीक जुळवताना त्या माहितीचा विचार करावा, एवढेच सांगणे आहे. ‘त्याचे नशीब’ म्हणून विषय मिटवला, तर वाचू शकणारे जीव गमावले जातात.

ताट आणि तेल

१९३७ पासून भारतात ‘डालडा’ या नावाने वनस्पती तूप विकले जाऊ लागले. लातूरला सहकारी क्षेत्रात उभा राहिलेला वनस्पती तुपाचा कारखाना लोकांच्या तोंडी ‘डालडा फॅक्टरी’ याच नावाने राहिला. त्या काळी ते प्रगतीचे चिन्ह होते. तेलात हायड्रोजन मिसळून ते घट्ट करताना ट्रान्स मेद तयार होतो आणि तो एलडीएल वाढवून एचडीएल घटवतो, हे ज्ञान नंतरचे आहे. अन्नसुरक्षा प्राधिकरणाने जानेवारी २०२२ पासून तेल-तुपातील ट्रान्स मेदाची मर्यादा दोन टक्क्यांवर आणली. तेच तेल पुन्हा पुन्हा उकळून भजी तळण्याची सवय मात्र कायद्याने सुटणारी नाही.

आपल्या भागातील करडईच्या तेलात सुमारे तीन-चतुर्थांश भाग लिनोलिक हे असंतृप्त मेदाम्ल असते. सोयाबीन आले तसे करडईचे शेत मागे पडले. घाण्याचे करडई किंवा शेंगदाणा तेल मिळत असेल, तर ते उत्तम. पामतेलात जवळजवळ अर्धा भाग संतृप्त मेद असतो आणि फरसाण, बिस्किटे यांतून ते नकळत पोटात जाते. बाटलीवरील ‘कोलेस्टेरॉलमुक्त’ या शब्दाने फसू नये. कोणत्याही वनस्पतिजन्य तेलात कोलेस्टेरॉल नगण्यच असते. पाहायचे ते संतृप्त मेद. तेल कोणतेही असो, माणशी महिन्याला पाऊण किलोच्या आसपास पुरे.

डाळी, कडधान्ये, मेथी, भेंडी यांतील विद्राव्य तंतू आतड्यात पित्ताम्लांना धरून ठेवतात. मग यकृताला नवी पित्ताम्ले बनवण्यासाठी रक्तातील एलडीएल उचलावे लागते. ज्वारीची भाकरी, वरण, अंबाडीची भाजी, जवसाची किंवा कारळाची चटणी हे आजीचे ताट या दृष्टीने आजच्या पावभाजीपेक्षा सरस आहे. सकाळी तळलेल्या भज्यांऐवजी कमी तेलातला सुशीला बरा.

पालकांसाठी एक खुलासा आवश्यक आहे. कोलेस्टेरॉलच्या भीतीने वसतिगृहातील वाढत्या मुलांची अंडी बंद करू नयेत. अन्नातील कोलेस्टेरॉलपेक्षा संतृप्त व ट्रान्स मेदाचा एलडीएलवर परिणाम अधिक होतो आणि वाढीच्या वयात उत्तम प्रथिनांची गरज मोठी असते. मुलांसाठी खरा धोका वेफर्सच्या पुड्यांत आहे.

औषधांविषयी

जपानमधील अकिता येथील शेतकरी कुटुंबात जन्मलेले अकिरा एंडो यांनी सहा हजारांहून अधिक बुरश्या तपासल्या आणि १९७३ मध्ये एका निळसर-हिरव्या बुरशीत एचएमजी-कोए रिडक्टेजला रोखणारा पदार्थ शोधला. त्यातून स्टॅटिन औषधांचा जन्म झाला. १९८७ मध्ये त्यांपैकी पहिले औषध बाजारात आले. स्टॅटिनमुळे यकृतातील निर्मिती घटते, यकृत कोलेस्टेरॉलसाठी अधिक ग्राही उघडते आणि रक्तातील एलडीएल उचलले जाते. १९९४ मध्ये ४,४४४ हृदयरुग्णांवरील अभ्यासात या औषधाने एकूण मृत्यू ३० टक्क्यांनी घटल्याचे सिद्ध झाले. पुढील अनेक अभ्यासांच्या एकत्रित विश्लेषणातून असे दिसले की, एलडीएल सुमारे ३९ मिलिग्रॅमने उतरले की झटका, लकवा यांसारख्या मोठ्या घटना साधारण २२ टक्क्यांनी कमी होतात.

काहींना स्नायुदुखी होते, यकृताची तपासणी अधूनमधून लागते, साखर किंचित वाढू शकते आणि गर्भारपणात ही औषधे सहसा देत नाहीत. ही माहिती डॉक्टरांशी बोलण्यासाठी आहे, गोळी स्वतःहून थांबवण्यासाठी नव्हे. ‘आकडा उतरला, आता गोळी कशाला?’ हा प्रश्न वारंवार विचारला जातो. आकडा गोळीमुळेच उतरलेला असतो. ती बंद केली की काही आठवड्यांत तो पूर्वपदावर येतो. जेनेरिक स्टॅटिन जनऔषधी केंद्रांत स्वस्त मिळते.

शेवटी

२ जुलै २०१२ रोजी राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्यातील आठ जिल्ह्यांत सुरू झाली, त्यांत नांदेड होते. आज महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणाऱ्या या योजनेतून गरीब रुग्णांच्या हृदयशस्त्रक्रिया होतात, ही मोठी सोय आहे. परंतु ती झटका आल्यानंतरची मदत आहे. झटका येण्यापूर्वीची तपासणी आणि साधी गोळी यांना त्याच्या तुलनेत नगण्य खर्च येतो. नांदेडला विष्णुपुरी येथील डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था आपल्या आवाक्यात आहेत.

माजी विद्यार्थ्यांनी या वर्षी तीन गोष्टी कराव्यात. स्वतःची आणि जोडीदाराची लिपिड तपासणी करून अहवाल जपून ठेवावा, म्हणजे पुढच्या वर्षी तुलना करता येईल. घरात कोणाला कोणत्या वयात हृदयविकार किंवा लकवा झाला, याची नोंद एका वहीत लिहून मुलांच्या हाती द्यावी. आणि स्नेहमेळाव्यासाठी शाळेत याल तेव्हा छातीत कळ येणे, डाव्या हातात किंवा जबड्यात दुखणे, अकारण घाम फुटणे ही लक्षणे आणि १०८ हा रुग्णवाहिकेचा क्रमांक वसतिगृहातील मोठ्या मुलांना आवर्जून सांगावा. गावी वडिलांच्या छातीत दुखू लागले, तर घरातला शिकलेला माणूस अनेकदा तोच मुलगा असतो.